'व्हूडू' आणि शनिवारची रात्र : मुंबईतील समलिंगी समाजाच्या एका रंजनस्थळाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासलेखनात गिरण्या, चाळी, तालमी, नाट्यगृहे, इराणी हॉटेले आणि लोकलगाड्या यांना आता मानाचे स्थान मिळाले आहे. सामान्य माणसे जेथे एकत्र येतात, बोलतात आणि एकमेकांना ओळखू लागतात, तेथे इतिहास घडतो ही जाणीव त्यामागे आहे. मात्र ज्या समूहाला एकत्र येणेच कायद्याने व लोकलज्जेने अवघड करून ठेवले होते, त्या समलिंगी व पारलिंगी समूहाच्या भेटीच्या जागांकडे अभ्यासकांचे लक्ष फारच कमी गेले. अशा जागा मागे कागद ठेवत नाहीत. तेथे येणारा माणूस आपले खरे नाव सांगत नाही, छायाचित्र काढू देत नाही आणि घरी परतल्यावर कोठे गेलो होतो याचा उच्चार करीत नाही. त्यामुळे जागा बंद पडली की तिचा इतिहासही तिच्याबरोबर नाहीसा होण्याची भीती असते.

प्रस्तुत निबंधात कुलाब्यातील आर्थर बंदर रस्त्यावरील 'व्हूडू' या पबचा व त्याच्या अनुषंगाने मुंबईतील समलिंगी रात्रजीवनाचा विचार केला आहे. बोईसर, पालघर, डहाणू या पट्ट्यातील वाचकांना हा विषय वरकरणी दूरचा वाटेल. परंतु महानगरातील अशी स्थळे केवळ महानगराची नसतात. रेल्वेमार्गाच्या टोकाला असलेल्या गावांतील माणसेही तेथे पोचत होती, आणि तेथून परतण्याची त्यांची वाट अधिक लांब होती. या दृष्टीने निबंधाच्या उत्तरार्धात बोईसरचा स्वतंत्र विचार केला आहे.

कायद्याची व परंपरेची पार्श्वभूमी

भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ हे १८६० सालच्या ब्रिटिश कायद्याचा भाग होते व १ जानेवारी १८६२ पासून ते अमलात आले. 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंधास जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद त्यात होती. प्रत्यक्ष शिक्षा झालेले खटले कमी होते. कलमाचा खरा उपयोग धमकीसाठी होत असे. मुंबईत त्याच्या जोडीला १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातील सार्वजनिक असभ्य वर्तनाविषयीचे कलम होते. उद्यानात, फलाटावर वा स्वच्छतागृहाजवळ उभ्या असलेल्या पुरुषाला हटकण्यास तेवढे पुरेसे ठरे. अटकेपेक्षा "घरी कळवू" या शब्दांचा धाक मोठा होता आणि त्या धाकावर खंडणीचा एक छोटा व्यवसायच उभा राहिला होता.

याच्या उलट रंगभूमीवर स्त्रीवेषातील पुरुषाला महाराष्ट्राने डोक्यावर घेतले होते. बालगंधर्वांच्या (१८८८-१९६७) पेहरावाचे व केशभूषेचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत असत. तमाशात 'नाच्या' हे पात्र लोकप्रिय होते. परंतु मराठी चित्रपटांत व वगनाट्यांत ही भूमिका गाजविणारे गणपत पाटील यांना खासगी आयुष्यात त्या भूमिकेपायी कुचेष्टा सहन करावी लागली, ही गोष्ट बोलकी आहे. रंगमंचावर जे चालते ते रस्त्यावर चालत नाही, असा हा अलिखित करार होता. पडदा पडल्यानंतर माणसाने कोठे जावे, या प्रश्नाचे उत्तर परंपरेने दिले नव्हते.

मराठी साहित्याने हा प्रश्न अधूनमधून हाताळला. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' व सतीश आळेकरांचे 'बेगम बर्वे' ही नाटके या संदर्भात आठवतात. तरीही नाटकातील पात्राला सहानुभूती मिळणे आणि जिवंत माणसाला बसण्यापुरती जागा मिळणे, यांत अंतर होते.

'व्हूडू'पूर्वीच्या जागा

रंजनस्थळे निर्माण होण्यापूर्वी मुंबईतील समलिंगी पुरुषांच्या भेटी सार्वजनिक जागांत होत. चर्चगेटसारखी रेल्वेस्थानके, समुद्रकिनारे, उद्याने आणि लोकलचे गर्दीचे डबे ही त्यांची ठिकाणे होती. आर. राज राव यांच्या 'द बॉयफ्रेंड' (२००३) या इंग्रजी कादंबरीची सुरुवात चर्चगेट स्थानकातील अशाच एका भेटीने होते. तिच्यातील उच्चवर्णीय पत्रकार व दलित तरुण यांचे नाते १९९२-९३ च्या दंगलींच्या पार्श्वभूमीवर उलगडते. रेल्वेस्थानक ही अशी जागा होती, की जेथे भिन्न जातींची व वर्गांची माणसे एकमेकांसमोर येऊ शकत. तेथे प्रवेशशुल्क नव्हते. परंतु सुरक्षितताही नव्हती.

छपराखालची पहिली जागा म्हणून कुलाब्यातील 'गोकुळ' या बारचा उल्लेख करावा लागतो. ताजमहाल हॉटेलच्या मागील बाजूस असलेला हा साधा परमिट रूम. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून निघालेला 'परमिट रूम' हा शब्दच मुंबईच्या मद्यसंस्कृतीची गोष्ट सांगतो : पिणे हे परवान्याने, आणि आडोशाला. समलिंगी पुरुषांना हा आडोसा सोयीचा ठरला. पुरुषांनी पुरुषांबरोबर टेबलाभोवती बसणे ही परमिट रूममधील नित्याची बाब असल्याने कोणाला त्यात वावगे दिसत नसे. 'गोकुळ' कधीही समलिंगींचा बार म्हणून घोषित झाला नाही. स्वस्त दारू, काही अंतरावर रेल्वे व बस, आणि वेटरांचे दुर्लक्ष एवढ्या भांडवलावर १९८० व १९९० च्या दशकांत तेथे एक मंडळ जमत गेले. मात्र 'गोकुळ'मध्ये बसता येत होते. नाचता येत नव्हते.

'व्हूडू'ची जागा आणि तिचा काळ

कुलाबा हा भाग बंदर, नौदल, परदेशी प्रवासी आणि स्वस्त निवासगृहे यांच्यामुळे शहराच्या इतर भागांहून नेहमीच वेगळा राहिला. १९०३ साली ताजमहाल हॉटेल व १९२४ साली गेटवे ऑफ इंडिया उभे राहिल्यानंतर हा परिसर शहराचे दर्शनी द्वार ठरला. परंतु त्यामागील गल्ल्यांनी आपला सैल स्वभाव टिकवला. आर्थर बंदर रस्त्यावर एके काळी 'स्लिप डिस्क' नावाचे नृत्यगृह होते. १९७२ साली 'लेड झेपेलिन' या जगप्रसिद्ध इंग्रजी वाद्यवृंदातील रॉबर्ट प्लँट व जिमी पेज यांनी तेथे अचानक वादन-गायन केल्याची घटना मुंबईच्या रॉक संगीताच्या इतिहासात नोंदलेली आहे. पुढे त्याच जागी 'व्हूडू' हा पब आला. एकाच वास्तूने दोन पिढ्यांतील चाकोरीबाहेरच्या तरुणांना आश्रय द्यावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

नव्वदच्या दशकात 'व्हूडू'मधील शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची रात्र म्हणून ओळखली जाऊ लागली. आठवड्याचे उरलेले दिवस हा कुलाब्यातील इतर पबांसारखाच एक पब होता. ही विभागणी आर्थिक दृष्टीने समजण्याजोगी आहे. मालकाला खात्रीचा गल्ला मिळे आणि गिऱ्हाइकांना खात्रीचा वार मिळे. निरोप, दूरध्वनी आणि तोंडी माहिती यांवर चालणाऱ्या समूहासाठी 'ठरलेला वार' ही मोठी सोय होती. ज्याच्याकडे कोणाचाही पत्ता नव्हता, त्यालाही शनिवारी कोठे जायचे हे ठाऊक असे.

जागा दिमाखदार नव्हती. मंद उजेड, धुराने कोंदलेली हवा आणि मोठ्या आवाजातील संगीत असे तिचे साधारण स्वरूप होते. तिचे महत्त्व सजावटीत नव्हते, तर तेथे येणाऱ्या माणसांच्या सरमिसळीत होते. महाविद्यालयीन विद्यार्थी, कचेरीतील कारकून, जाहिरात व वस्त्ररचना या व्यवसायांतील मंडळी, परदेशी प्रवासी, स्त्रीवेषात नटून येणारे तरुण असे नाना थरांतील लोक तेथे शेजारी उभे राहत. अर्थात या समानतेलाही मर्यादा होत्या. प्रवेशशुल्क व पेयांचे दर न परवडणारे अनेकजण दाराबाहेरच राहिले. इंग्रजी बोलणाऱ्याला आत जो सहजपणा लाभे, तो मराठी वा हिंदी बोलणाऱ्याला लाभेच असे नाही. स्थळाचा गौरव करताना हा भेद झाकता कामा नये.

रंजन आणि चळवळ

पाश्चात्त्य इतिहासात समलिंगी चळवळीचा आरंभ अनेकदा एका बारशी जोडला जातो. २८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कमधील 'स्टोनवॉल इन' येथे पोलिसांच्या छाप्याला झालेला प्रतिकार हे ते प्रसिद्ध उदाहरण होय. मुंबईत असे घडले नाही. येथे चळवळीचा मार्ग बारमधून न जाता मासिक, आरोग्यकार्य आणि न्यायालय यांतून गेला. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ साली एका इंग्रजी नियतकालिकात आपल्या समलैंगिकतेविषयी उघडपणे सांगितले. १९९० साली त्यांच्या पुढाकाराने 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू झाले. १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' स्थापन झाला आणि पुढे वाकोला येथील महापालिकेच्या जुन्या इमारतीत त्याचे केंद्र चालू लागले. एड्सच्या साथीमुळे शासनाला या समूहाशी बोलणे भाग पडले. कायदा ज्यांना गुन्हेगार मानत होता त्यांनाच आरोग्ययंत्रणा कंडोम वाटत होती, असा हा विरोधाभास होता. २००१ साली लखनौ येथे आरोग्यकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांना अटक झाली तेव्हा तो विरोधाभास देशापुढे आला.

मग रंजनस्थळाचे काम काय? चळवळीला माणसे लागतात, आणि माणसे प्रथम एकमेकांना दिसावी लागतात. छापील मासिकातून आपल्यासारखे इतरही आहेत ही माहिती मिळते. शनिवारी रात्री एका खोलीत ते प्रत्यक्ष दिसतात. माहिती आणि प्रचीती यांतील हा फरक आहे. १९९८ मध्ये 'गे बॉम्बे' या गटाचे काम सुरू झाले. या गटाने नृत्यरात्रींबरोबरच रविवारच्या चर्चाबैठका, चित्रपट आणि पालकांच्या भेटी यांचेही आयोजन केले. एखादा मुलगा शनिवारी नाचायला येई, काही महिन्यांनी रविवारी बोलायला बसे आणि क्वचित एखाद्या वर्षी आपल्या आईला घेऊन येई. परमेश शहाणी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गे बॉम्बे' या ग्रंथात या गटाचा व त्या काळातील शहराचा तपशीलवार अभ्यास आहे.

१६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत 'क्वीअर आझादी' मोर्चा निघाला. बंद दाराआड जमणारी माणसे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी भर उजेडात रस्त्यावर आली. अनेकांनी मुखवटे घातले होते. परंतु मुखवटा घालून का होईना, दिवसा चालणे हे रात्री नाचण्याच्या पुढचे पाऊल होते.

स्त्रिया आणि तृतीयपंथी

'व्हूडू'चा इतिहास हा प्रामुख्याने पुरुषांचा इतिहास आहे, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. रात्री उशिरा एकट्याने घराबाहेर राहण्याची मुभाच जिला नाही, तिच्यासाठी पब हे भेटीचे ठिकाण होऊ शकत नव्हते. समलिंगी स्त्रियांचे संघटन घरांतील बैठका, पत्रव्यवहार व स्त्रीमुक्ती चळवळीतील मैत्री यांतून झाले. १९९५ मध्ये मुंबईत 'स्त्री संगम' हा गट स्थापन झाला. पुढे तो 'लेबिया' या नावाने ओळखला गेला. १९९८ च्या डिसेंबरमध्ये 'फायर' या चित्रपटाच्या प्रदर्शनाच्या वेळी मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले, तेव्हा दोन स्त्रियांचे प्रेम पडद्यावर दिसणेही समाजातील एका गटाला असह्य होते हे सिद्ध झाले.

तृतीयपंथीयांची स्थिती आणखी निराळी होती. रात्रजीवनात ते गिऱ्हाईक म्हणून कमी आणि कलावंत म्हणून अधिक होते. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी डान्सबारमध्ये नृत्य केले होते, आणि २००५ साली महाराष्ट्र शासनाने डान्सबारवर बंदी आणली तेव्हा तिच्या विरोधात त्या रस्त्यावर उतरल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी अवैध ठरवली व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. एकाच शहरात एकीकडे पबमधील नाच हे रंजन ठरते आणि दुसरीकडे पोटासाठीचा नाच अनैतिक ठरतो, हा वर्गभेद या प्रकरणात ठळकपणे दिसतो.

विरारच्या पलीकडे : बोईसरचा संदर्भ

'व्हूडू'च्या भराच्या काळात पश्चिम रेल्वेची उपनगरीय सेवा विरारपर्यंतच होती. बोईसर चर्चगेटपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर, आणि विरारच्या पुढे मोजक्या शटल व पॅसेंजर गाड्यांचा भरवसा. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले व पुढील काळात औद्योगिक वसाहत वाढली, तेव्हा बोईसर हे गाव राहिले नाही. राज्याच्या व देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले तरुण कामगार भाड्याच्या एकेका खोलीत दाटीने राहू लागले. घरापासून दूर येण्याने एक प्रकारचे स्वातंत्र्य मिळते. परंतु सामाईक खोलीत एकांत मिळत नाही. औद्योगिक गावातील समलिंगी तरुणाची कोंडी या दोहोंच्या मधली आहे.

अशा तरुणाने शनिवारी कुलाब्यास जावयाचे म्हटले, तर त्याला वेळापत्रकाचा विचार आधी करावा लागे. मुंबईतील माणूस मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास सुटणारी शेवटची लोकल गाठे, अथवा टॅक्सीने घरी जाई. विरारपलीकडच्या माणसाला त्या वेळी घर नव्हतेच. पहाटे चारनंतर लोकल सुरू होईपर्यंत फलाटावर, पदपथावर वा एखाद्या ओळखीच्याच्या आधाराने रात्र काढणे आणि पुढे विरारला गाडी बदलून घरी पोचणे, हा त्याचा मार्ग होता. ज्या पोलिसी जाचापासून पबच्या छपराने त्याला तीन-चार तास सोडवले, त्याच जाचाच्या तोंडी तो पबबाहेर पडताच पुन्हा येत असे. रात्रस्थळाची सुरक्षितता अशा रीतीने घराच्या अंतरावर अवलंबून होती. म्हणून महानगरातील समलिंगी जीवनाचा इतिहास हा रेल्वेच्या इतिहासाला जोडूनच लिहावयास हवा.

२०१३ च्या एप्रिलमध्ये उपनगरीय सेवा डहाणू रोडपर्यंत वाढली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रवास सोपा झाला, तरी रात्रीच्या परतीचा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. महत्त्वाची गोष्ट अशी, की जिल्ह्याचे मुख्यालय आले, रुग्णालये व महाविद्यालये वाढली. परंतु ज्याला आपल्याविषयी कोणाशी तरी बोलावयाचे आहे, त्याला अजूनही मुंबईची गाडीच आठवते.

कायदाबदल आणि स्थळाचा अस्त

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर निर्णय देताना प्रौढांचे संमतीने होणारे खासगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. या खंडपीठाचे प्रमुख न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे मूळचे सोलापूरचे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. १५ एप्रिल २०१४ रोजी त्याच न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या लिंगओळखीस मान्यता दिली. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने कलम ३७७ ची ती व्याप्ती रद्द केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने मिळू शकला नाही.

या प्रवासाचा शेवट पाहण्यास 'व्हूडू' उरले नाही. नवी, अधिक चकचकीत ठिकाणे आली. २०१८ च्या निर्णयातील याचिकाकर्त्यांपैकी केशव सूरी हे हॉटेल व्यवसायातील. त्यांच्या 'द ललित' हॉटेलांतील 'किटी सू' या क्लबने समलिंगी व ड्रॅग कलावंतांसाठी खुलेपणाने दारे उघडली. दुसरीकडे २००९ मध्ये आलेल्या 'ग्राइंडर'सारख्या मोबाइल ॲपमुळे ओळखीसाठी जागेची गरजच कमी झाली. बोईसरच्या खोलीत बसलेल्या तरुणाला आता आपल्यासारखा माणूस किती किलोमीटरवर आहे हे पडद्यावर दिसते. त्याची सोय झाली यात शंका नाही. परंतु पडद्यावर दोन माणसे भेटतात. खोलीत समूह भेटतो. शिवाय अनोळखी माणसाला एकांतात बोलावून लुबाडण्याचे प्रकारही याच मार्गाने होऊ लागले. जुन्या पबमध्ये नवख्याला सावध करणारा एखादा जाणता माणूस शेजारी उभा असे. मोबाइलमध्ये तो नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी ध्यानात येतात. 'व्हूडू'सारखे स्थळ मालकाच्या व्यापारी हिशेबातून निर्माण झाले. परंतु गिऱ्हाइकांनी त्याला सामाजिक संस्थेचे रूप दिले. मुंबईतील समलिंगी चळवळ बारमध्ये जन्मली नसली, तरी तिला लागणारा परस्परपरिचय अशा स्थळांनी पुरवला. या स्थळांची दारे सर्वांसाठी सारखी उघडी नव्हती : लिंग, वर्ग, भाषा आणि रेल्वेचे अंतर या चार उंबरठ्यांवर अनेकजण अडले. कायदा बदलल्याने भीतीचे एक मोठे कारण दूर झाले. मात्र कायदा जागा निर्माण करीत नाही.

हा शेवटचा मुद्दा शिक्षकवर्गाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी पब निघणे न निघणे ही गौण बाब आहे. परंतु महाविद्यालयाचे ग्रंथालय, समुपदेशन कक्ष, राष्ट्रीय सेवा योजनेचा गट वा एखाद्या प्राध्यापकाची खोली येथे विद्यार्थ्याला निर्भयपणे दोन वाक्ये बोलता येत असतील, तर त्याला शंभर किलोमीटरचा प्रवास करून पहाटेपर्यंत फलाटावर बसण्याची गरज उरणार नाही. आर्थर बंदर रस्त्यावरील एका अंधाऱ्या खोलीने नव्वदच्या दशकात जे केले, ते दिवसाउजेडी करण्याची सोय आज प्रत्येक महाविद्यालयाजवळ आहे.